नव्या इमारतीची सोसायटी: पहिल्या बैठकीपासून जमिनीवर नाव लागेपर्यंत

ताबा देताना बिल्डरने घेतलेला दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स संपत आला, की नव्या इमारतीत सोसायटीची चर्चा सुरू होते. तोवर वॉचमनचा पगार, कॉमन लाइटचं बिल, लिफ्टची देखभाल सगळं बिल्डरचं ऑफिस बघत असतं आणि लोकांना ते सोयीचंही वाटतं. मग कधी तरी पंप जळतो, दोन दिवस टँकर मागवावा लागतो आणि साइटवरचा सुपरवायझर हात वर करून म्हणतो, ‘आता तुमची सोसायटी करा आणि तुमचं तुम्ही बघा.’ इतकं थांबायचं कारण नसतं. कायद्याने सोसायटी त्याच्या बऱ्याच आधी व्हायला हवी.

महाराष्ट्रात लाखाहून जास्त गृहनिर्माण संस्था आहेत. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी तर १९१५ सालची आहे. म्हणजे वाट चांगली मळलेली आहे, अर्जांचे नमुने ठरलेले आहेत, उपविधी छापील मिळतात. तरीही नव्या सोसायट्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अडकतात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी घोडं पेंड खातं ते कागदांपाशी. मंजूर नकाशा कुणाकडे आहे, शेअरचे पैसे कुणी किती भरले, लिफ्टचा परवाना कुणाच्या नावावर आहे, याचा पत्ता नसतो. त्यामुळे पुढे पायऱ्या सांगताना मी पुन्हा पुन्हा दफ्तरावर येईन.

आधी स्वतःचा करारनामा वाचा

उत्साहाने बैठक बोलावण्याआधी प्रत्येकाने आपला खरेदीचा करारनामा काढावा. त्यात एक कलम असतं: बिल्डर खरेदीदारांची ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ करून देणार, की ‘अपार्टमेंट’. पुण्याकडे अपार्टमेंट बरीच दिसतात, मुंबई-ठाण्याकडे सोसायट्या जास्त.

सोसायटी नोंदवली जाते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली. जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते, तुम्ही सभासद होता, आणि फ्लॅट लहान असो वा मोठा, मत एकच. अपार्टमेंटला लागतो महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७०. तिथे बिल्डर घोषणापत्र नोंदवतो, प्रत्येकाला स्वतंत्र अपार्टमेंट खत करून मिळतं, आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत ठरलेला असतो. मत आणि खर्चाचा वाटा त्या टक्क्यांप्रमाणे. तीन बेडरूमवाल्याला सोसायटी स्वस्त पडते आणि एक बेडरूमवाल्याला अपार्टमेंट, हे आधीच लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी भांडणं याच मुद्द्यावर होतात. घोषणापत्र आधीच नोंदवलेलं असेल तर त्याची प्रत मिळवून ते काय म्हणतं ते पाहा. या लेखात मी सोसायटीचाच मार्ग धरतो.

कधी आणि किती जणांनी

महारेराखाली, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदवलेला प्रकल्प असेल तर ५१ टक्के खरेदीदारांनी बुकिंग केल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीच्या नोंदणीचा अर्ज करणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याखालच्या जुन्या प्रकल्पांना किमान संख्या भरल्यापासून चार महिन्यांची मुदत आहे. म्हणजे ‘सगळे फ्लॅट विकले गेल्यावर करून देऊ’ या उत्तराला कायद्यात आधार नाही.

सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार किमान वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच जण किंवा एकूण फ्लॅटधारकांपैकी ५१ टक्के, यांतला जो आकडा मोठा तितके अर्जदार लागतात. इमारतीत ४० फ्लॅट असतील तर २१ जण. बाकीचे नंतर येऊन सभासद होऊ शकतात, त्यांच्यासाठी अडून बसू नका. परदेशात असलेले, भाड्याने दिलेले, बँकेशी वाद चाललेले असे दोन-चार फ्लॅट प्रत्येक इमारतीत असतातच.

मोठ्या वसाहतीत, म्हणजे पाच-सहा विंग आणि मध्ये बाग, क्लब हाउस असं असेल तर प्रत्येक इमारतीची वेगळी सोसायटी करून वर त्यांचा एक संघ करायचा, की सगळ्यांची मिळून एकच सोसायटी, हेही ठरवावं लागतं. करारनाम्यात आणि मंजूर आराखड्यात काय आहे ते आधी बघा. माझं मत विचाराल तर पाण्याची टाकी, पंप आणि वीजमीटर एकच असलेल्या दोन विंगच्या दोन सोसायट्या करू नयेत. बिल कोणी भरायचं यावर त्या आयुष्यभर भांडतात.

पहिली बैठक

ही बैठक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होत नाही. ग्रुप निरोपाला उत्तम, पण तिथल्या अंगठ्यांना कोणी अनुमोदन मानत नाही. सूचना कागदावर काढा, प्रत्येक दारात द्या, पोच म्हणून सही घ्या, बाहेरगावी असणाऱ्यांना ईमेल करा. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलात तरी चालेल, पण हजेरीचा कागद फिरला पाहिजे: नाव, फ्लॅट क्रमांक, सही.

बैठकीत तीन गोष्टी ठरवायच्या. सोसायटी करायची हा ठराव, संस्थेच्या नावाचे दोन-तीन पर्याय, आणि मुख्य प्रवर्तक कोण. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नोंदणी होईपर्यंतची सगळी पत्रं, बँकेचं खातं, सह्या मुख्य प्रवर्तकाच्या नावाने चालतात. बिल्डर सोसायटी करून देत असेल तर बहुतेक वेळा तो आपल्याच ऑफिसातलं कुणी तरी मुख्य प्रवर्तक म्हणून पुढे करतो. सौजन्याने नकार द्या आणि राहणाऱ्यांतलाच माणूस नेमा. सरकारी कार्यालयात दिवसाच्या वेळी जाऊ शकेल, चिडणार नाही आणि पावती घेतल्याशिवाय कागद सोडणार नाही असा. निवृत्त बँक कर्मचारी किंवा शाळेतल्या बाई या कामाला मला नेहमी उजव्या वाटल्या आहेत.

नाव निवडताना फार कल्पकता दाखवायची गरज नाही. बिल्डरने प्रकल्पाला दिलेलं नावच सहसा चालवतात, पुढे ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ लागतं. तेच नाव त्या भागात आधी कुणी घेतलेलं असू शकतं, म्हणून पर्याय हवेत.

उपनिबंधक कार्यालयातल्या फेऱ्या

मुंबईत वॉर्डनिहाय उपनिबंधक, सहकारी संस्था यांची कार्यालयं आहेत, इतरत्र तालुक्याला सहायक निबंधक असतात. नवखे लोक इथे हमखास गोंधळतात: फ्लॅटचा करारनामा ज्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवला ते खातं वेगळं, मुद्रांक आणि नोंदणीचं. सोसायटीच्या नोंदणीसाठी सहकार खात्याकडेच जावं लागतं.

पहिला अर्ज नाव राखून ठेवण्याचा आणि बँकेत खातं उघडण्याच्या परवानगीचा. सोबत बैठकीचं इतिवृत्त, प्रवर्तकांची यादी आणि जमिनीचे मूळ कागद. परवानगीचं पत्र मिळालं की त्यावर मुदत लिहिलेली असते, ती आधी वाचा. ती टळली तर पुन्हा मुदतवाढ मागत बसावं लागतं.

मग जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत ‘नियोजित’ संस्थेच्या नावाने खातं उघडायचं. प्रत्येक सभासदाकडून ५० रुपयांचे १० शेअर म्हणजे ५०० रुपये आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. चाळीस जण असतील तर २४,००० रुपये जमा व्हायला हवेत. हे पैसे बिल्डरने ताब्याच्या वेळीच ‘शेअर मनी’ म्हणून घेतलेले असतात, पावत्या तपासा. घेतले असतील तर दुसऱ्यांदा वर्गणी काढू नका, त्याच्याकडून मागा. मोफा कायद्यानुसार अशी रक्कम त्याने वेगळ्या खात्यात ठेवून तिचा हिशेब द्यायचा असतो.

यानंतर मुख्य प्रस्ताव. नमुना ‘अ’ हा नोंदणीचा अर्ज, ‘ब’ मध्ये प्रवर्तकांची माहिती, मग बँकेचा शिल्लक दाखला, जमाखर्चाचा तक्ता, उपविधींच्या प्रती. जमिनीसाठी सातबारा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, वकिलांचा टायटल दाखला, बिल्डर आणि जमीनमालक यांच्यातला विकास करार, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी), आर्किटेक्टचा दाखला. आणि प्रत्येक अर्जदाराच्या करारनाम्याची सूची २, म्हणजे दस्त नोंदवल्यावर मिळणारा त्याचा नोंदणी उतारा (इंडेक्स टू). दोन-दोन प्रती करून एक फाइल स्वतःजवळ ठेवा, आणि कार्यालयात दिलेल्या पत्रावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. ‘साहेब बाहेर आहेत, ठेवून जा’ म्हटलं तरी आवक-जावक टेबलावर शिक्का मिळतोच.

उपविधी म्हणजे संस्थेची नियमावली. खात्याने प्रसिद्ध केलेले २०१४ चे आदर्श उपविधी जवळजवळ सगळे जण स्वीकारतात. पुस्तिका स्वस्त आहे, जिल्हा हाउसिंग फेडरेशनच्या कार्यालयात मिळते, आणि समितीत यायची इच्छा असणाऱ्या प्रत्येकाने ती विकत घ्यावी. तिच्यात काही जागा मोकळ्या सोडलेल्या असतात, त्या भरताना घाई करू नका. वाक्यं कंटाळवाणी आहेत, तरी लिफ्टमधून भाडेकरूचं सामान न्यायचं की नाही इथपासून टेरेसवर कोणाचा हक्क इथपर्यंतचे वाद सुटतात ते याच पुस्तिकेने.

बिल्डर दाद देत नसेल तर

काही बिल्डर सोसायटी होऊ देत नाहीत, कारण सोसायटी झाली की उरलेला एफएसआय (भूखंडावर अजून बांधता येईल तेवढं क्षेत्र), पार्किंग आणि जमीन यांवर बोलणारा एक कायदेशीर पक्ष उभा राहतो. अशा वेळी फ्लॅटधारक स्वतः अर्ज करू शकतात. मोफाच्या कलम १० मध्ये ती सोय आहे, व्यवहारात याला ‘बिल्डरच्या असहकारातून नोंदणी’ म्हणतात. रजिस्टर्ड पोस्टाने बिल्डरला नोटीस पाठवा, त्याची पोच आणि परत आलेलं पाकीट दोन्ही जपून ठेवा. न उघडलेलं, ‘घेण्यास नकार’ असा शेरा असलेलं पाकीट सुनावणीत फार कामी येतं. निबंधक बिल्डरला म्हणणं मांडायची संधी देतात, तो आला नाही तरी प्रस्ताव पुढे जातो. त्याच्याकडचे नकाशे आणि दाखले महापालिकेकडून माहिती अधिकारात काढता येतात, आणि महारेराच्या संकेतस्थळावर तर प्रकल्पाचे बरेच कागद उघडच असतात. एजंटला हजारो रुपये देण्याआधी एक दुपार तिथे घालवा.

प्रमाणपत्र आल्यावर

नोंदणी प्रमाणपत्र हातात आलं की पेढे वाटतात आणि काम थंडावतं. खरं काम इथून सुरू होतं. पहिली सर्वसाधारण सभा नोंदणीपासून तीन महिन्यांत घ्यावी लागते आणि ती बोलावण्याची जबाबदारी मुख्य प्रवर्तकाची. त्या सभेत हंगामी समिती निवडायची, मुख्य प्रवर्तकाने केलेला जमाखर्च मंजूर करायचा, उरलेल्या फ्लॅटधारकांना सभासद करून घ्यायचं, लेखापरीक्षक नेमायचा, बिल्डरकडून मालमत्ता ताब्यात घेण्याचे अधिकार समितीला द्यायचे आणि समितीला सभेला न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करता येईल ती मर्यादा ठरवायची. शेवटचा विषय लोक विसरतात, आणि मग पहिल्याच वॉटरप्रूफिंगच्या बिलावरून सेक्रेटरीची चौकशी लागते.

शंभर सभासदांपर्यंत समिती ११ जणांची, त्यात २ जागा महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती व विशेष मागासवर्ग यांसाठी प्रत्येकी १. राखीव जागेसाठी उमेदवार नसेल तर जागा रिकामी राहते, समितीचं काम अडत नाही. नियमित समितीची मुदत ५ वर्षांची. अडीचशे सभासदांपर्यंतच्या सोसायट्यांना निवडणूक स्वतः घेता येते, त्याहून मोठ्यांची राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणामार्फत होते.

चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार निवडताना एक पथ्य पाळा: सेक्रेटरी आणि खजिनदार एकाच घरातले किंवा जिवलग मित्र नसावेत. चेकवर दोन सह्या असतात त्या उगाच नाहीत. पॅन काढा, नोंदणीकृत नावाने बँक खातं बदलून घ्या, नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्त्याचा बोर्ड गेटवर लावा. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत द्यायची असतात. त्यावरचं नाव करारनाम्यातल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, सहखरेदीदाराचं नावही सुटता कामा नये. नामनिर्देशनाचे फॉर्म त्याच वेळी भरून घ्या. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, वारसांच्या वतीने ती फ्लॅट सांभाळते, हे सभेत एकदा समजावून सांगितलं तर पुढे बरेच क्लेश वाचतात.

बिल्डरकडून ताबा घेताना

इथे शनिवार-रविवार काढून चार जणांनी इमारत पायथ्यापासून गच्चीपर्यंत फिरावी. एकाच्या हातात वही, एकाच्या हातात फोनचा कॅमेरा, सोबत बिल्डरचा माणूस आणि जमलं तर ओळखीचा एखादा सिव्हिल इंजिनिअर. मीटर रूमपासून सुरुवात करा: कॉमन मीटर किती, कुणाच्या नावावर, कोणतं बिल थकलंय. बहुतेकदा एखाद्या मीटरचा भार अजून ‘बांधकाम’ दरात लागलेला सापडतो, तो घरगुतीत बदलून घ्यायचा. पंप रूममध्ये दोन्ही पंप चालवून बघा, राखीव पंप नुसता शोभेला असतो असा अनुभव आहे. खालच्या टाकीचं झाकण उघडा. गच्चीवर बादल्या ओतून पाणी कुठे साठतं ते पाहा, पावसाळ्याची वाट बघू नका.

मग फायरची यंत्रणा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. सोसायटी झाल्यावर ही जबाबदारी तुमची. होज पाइप बॉक्समध्ये खरंच आहेत का ते काच उघडून बघा, कित्येक ठिकाणी नोझल गायब असतात. लिफ्टचा परवाना, देखभालीचा करार आणि वॉरंटी सोसायटीच्या नावावर करून घ्या.

सापडलेल्या दोषांची यादी करून ती लेखी द्या. महारेरा प्रकल्पात ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी तक्रार करून ‘पाठवतो माणूस’ ऐकत राहिलात तर ५ वर्षं कधी गेली कळतही नाही.

पार्किंगबद्दल एवढंच: मोकळ्या जागेतलं आणि स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरीही लोकांनी त्यासाठी पैसे मोजलेले असतात आणि ते चिडतात. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर उपविधींप्रमाणे दरवर्षी चिठ्ठ्या टाकणं हाच टिकणारा उपाय आहे. पहिल्याच वर्षी हा प्रश्न धसाला लावा, नंतर प्रत्येक जागेवर कुणाचा तरी ‘जुना हक्क’ तयार होतो.

बिल्डरचे न विकलेले फ्लॅट असतील तर त्यांचा मेंटेनन्स त्याच्याकडून मागायचा. आणि आगाऊ घेतलेल्या मेंटेनन्सचा वर्षवार हिशेब मागायचा, उरलेली रक्कम सोसायटीच्या खात्यात.

मेंटेनन्सचं बिल कसं बसवायचं

पहिल्या सर्वसाधारण सभेत आवाज चढतो तो इथे. ‘माझा फ्लॅट ४५० फुटांचा, त्याचा ११००, मग बिल सारखं का?’ उत्तर असं, की सगळा खर्च एकाच मापाने मोजत नाहीत.

वॉचमन, सफाई, कॉमन लाइट, ऑफिस खर्च, ऑडिट फी हे सेवा शुल्क, आणि ते सगळ्यांना सारखं. वॉचमन मोठ्या फ्लॅटकडे जास्त वेळ बघत नाही, असा त्यामागचा साधा विचार. लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यालासुद्धा. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर. मालमत्ता कर ज्याचा त्याचा प्रत्यक्ष. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी) मात्र फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर: उपविधींप्रमाणे दुरुस्तीला वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाला किमान ०.२५ टक्के. यात जमिनीची किंमत धरत नाहीत.

उदाहरण म्हणून ४० फ्लॅटची इमारत घ्या. सेवांचा महिन्याचा खर्च ८०,००० रुपये आला तर प्रत्येकी २,०००. एका फ्लॅटचा बांधकाम खर्च १५ लाख धरला तर दुरुस्ती निधी वर्षाला ११,२५०, सिंकिंग फंड ३,७५०, दोन्ही मिळून महिन्याला १,२५०. म्हणजे पाणी, लिफ्ट आणि कर सोडून ३,२५० रुपये. त्याच्या दुप्पट बांधकाम खर्चाच्या मोठ्या फ्लॅटला हाच आकडा ४,५०० होईल. हा तक्ता फळ्यावर लिहून दाखवा. ज्याला गणित दिसतं तो निम्मा शांत होतो.

फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनवहिवाट शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे वरच्या उदाहरणात २०० रुपये. ‘भाडेकरू ठेवलाय ना, मग पाच हजार’ असा ठराव बहुमताने केला तरी तो टिकत नाही. फ्लॅट विकताना हस्तांतर शुल्क ५०० रुपये आणि प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००. ‘ऐच्छिक देणगी’ची सक्ती करणाऱ्या समित्या कोर्टात हरलेल्या आहेत.

सिंकिंग फंड वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा. रंगकामासाठी त्याला हात लावायचा मोह होतो, तो आवरा. दरमहा बिल सभासदामागे ७,५०० रुपयांच्या वर जात असेल आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे असेल तर जीएसटीसाठी सीएला विचारा. साध्या इमारतींना तो लागत नाही.

थकबाकीदारांशी भांडू नका, पत्र लिहा. तीन महिन्यांहून जास्त थकवणारा माणूस समितीच्या निवडणुकीला उभा राहू शकत नाही, आणि वसुलीसाठी कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडून दाखला मिळवता येतो. पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं असले प्रकार मात्र करू नयेत. वसुली बाजूला राहते आणि समितीच आरोपी होते.

दफ्तर

सभासदांची नोंदवही म्हणजे ‘आय’ नमुना, सभासदांची यादी ‘जे’ नमुना, शेअर नोंदवही, नामनिर्देशन नोंदवही, रोकड वही, खतावणी, समिती सभेचं आणि सर्वसाधारण सभेचं अशी दोन इतिवृत्तं. छापील वह्या फेडरेशनमध्ये मिळतात. संगणकावर हिशेब ठेवा, पण सह्या कागदावर घ्या.

इतिवृत्त कसं लिहायचं याची नवीन सेक्रेटरीला धास्ती असते. भाषा सुंदर लागत नाही, अशी लागते:

‘विषय ४: वॉचमन एजन्सी नेमणे. तीन दरपत्रकं सभेपुढे वाचून दाखवली. दोन एजन्सींचे दर कमी असले तरी त्यांच्याकडे कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची नोंदणी नसल्याचं खजिनदारांनी निदर्शनास आणलं. तिसरी एजन्सी एका वर्षासाठी नेमावी असा ठराव. सूचक फ्लॅट २०३, अनुमोदक फ्लॅट ४०१. बाजूने १७, विरोधात ३. ठराव मंजूर.’

तीन वर्षांनी कुणी विचारलं की सगळ्यात स्वस्त एजन्सी का नाही घेतली, तर या चार ओळी सेक्रेटरीच्या बाजूने उभ्या राहतात. विरोधात मत देणाऱ्याने नाव नोंदवायला सांगितलं तर नाव लिहा, राग धरू नका.

वार्षिक सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत, तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी, विशेष सभेची ५ दिवस आधी. कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतला कमी आकडा. अर्ध्या तासात तो भरला नाही तर सभा तहकूब करून त्याच दिवशी पुढच्या वेळेला घेता येते आणि मग कोरमची अट राहत नाही, फक्त हे सूचनेतच लिहिलेलं असावं. लेखापरीक्षण, त्यातल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल, निबंधकाकडची वार्षिक विवरणपत्रं ही कामं सीए आणि लेखनिक करतात, सेक्रेटरीने फक्त तारखा विसरायच्या नाहीत.

जमीन

नोंदणी प्रमाणपत्राने जमीन तुमची होत नाही. त्यासाठी कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण लागतं. ते होईपर्यंत सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर मूळ मालकाचं किंवा बिल्डरचंच नाव राहतं, आणि पुनर्विकासाची वेळ आली की हे उघडं पडतं. बिल्डर करून देत नसेल तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे त्याच्या सहीवाचून सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्याचा मार्ग आहे. विशेष सर्वसाधारण सभेत ठराव करा, बिल्डरला नोटीस द्या, आणि जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज करा. सोबत सगळ्या सभासदांच्या सूची २, मंजूर नकाशे, जमिनीचे उतारे, सर्च रिपोर्ट, आर्किटेक्टचा क्षेत्रफळाचा दाखला. सक्षम प्राधिकारी म्हणून उपनिबंधकांनी सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. अर्जात किती चौरस मीटर मागताय याकडे नीट लक्ष द्या. मोठ्या भूखंडावर अनेक इमारती असतील तर बागेचा आणि अंतर्गत रस्त्याचा प्रमाणशीर वाटा सुटून जातो, आणि नंतर तो मिळवणं महाकठीण.

आदेश मिळाला की दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती लागेल ते ठरवण्यासाठी जातो. फ्लॅटच्या करारनाम्यांवर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेलं असेल तर फ्लॅटमागे नाममात्र शुल्कात काम भागतं. एखाद्याने कमी भरलेलं असेल तर तो फरक आणि दंड त्याला भरावा लागतो, म्हणून सभासदत्व देतानाच प्रत्येकाची सूची २ बघून ठेवायची. मग दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा, आणि नोंदलेला दस्त घेऊन शहरात नगर भूमापन कार्यालयात, इतरत्र तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज करायचा. कित्येक सोसायट्या दस्त नोंदवून तो कपाटात ठेवून देतात आणि हा शेवटचा अर्ज करतच नाहीत. प्रॉपर्टी कार्डाचा नवा उतारा काढून त्यावर संस्थेचं नाव, क्षेत्रफळ आणि सर्व्हे क्रमांक बरोबर छापलाय का ते तिघांनी वाचून बघा. क्षेत्रफळात दशांशाची चूक दिसली तरी त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.